‘फिजिओथेरपी करावी’, पण कोणाकडून?

वाराणसीच्या पंचगंगा घाटावरील ज्या वाड्यात माझे बालपण गेले, तेथे आता माझ्या काकू एकट्याच राहतात. त्यांचे वय ८१. लग्न होऊन १९६२ मध्ये त्या या वाड्यात आल्या आणि तेव्हापासून कार्तिकस्नान त्यांनी क्वचितच चुकवले. घाटाच्या उभ्या, झिजलेल्या, शेवाळलेल्या पायऱ्यांनी त्यांना कधी दगा दिला नाही. दगा दिला तो घरातल्या न्हाणीघराच्या फरशीने. गेल्या भाद्रपदात, गंगा घाटाच्या पायऱ्या गिळून वर चढलेली असताना, त्या न्हाणीघरात घसरल्या आणि उजव्या खुब्याचे हाड मोडले.

शस्त्रक्रिया उत्तम झाली. मांडीच्या हाडाचा मोडलेला गोल माथा काढून तेथे धातूचा बसवण्यात आला. आठवड्याभराने त्यांना घरी सोडले. मैदागिनपर्यंत रुग्णवाहिका आली. पुढे गल्ल्यांतून चौघांनी स्ट्रेचर खांद्यावर वाहून आणला. हातात जो कागद मिळाला त्यावर औषधांची सविस्तर यादी होती, वेळा होत्या, टाके काढण्याची तारीख होती. शेवटच्या ओळीत दोनच शब्द होते : ‘फिजिओथेरपी करावी’. कोणाकडून, किती दिवस, काय करायचे आणि मुख्य म्हणजे काय करायचे नाही, याविषयी एक अक्षरही नव्हते.

सरकारी नोकरीत पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाला अपूर्ण वाक्याची भीती वाटते. कागदावरील ज्या वाक्याला कर्ता नसतो, ते काम कोणीच करत नाही, किंवा ज्याने करू नये तो करतो, हा माझा अनुभव. काकूंच्या बाबतीत दुसरी गोष्ट घडली.

औषधाच्या दुकानदाराने एक नाव सुचवले. गृहस्थ नम्र, वेळेचे पक्के. त्यांच्या पाटीवर नावाआधी ‘डॉ.’ होते आणि नावाखाली चार-पाच इंग्रजी अक्षरे. ते एक छोटे यंत्र घेऊन येत, मांडीला तारा लावत, पंधरा मिनिटे झिणझिण्या येऊ देत आणि नंतर तेल लावून पाय चोळत. काकूंना बरे वाटे. तिसऱ्या दिवशी त्यांनी काकूंना पलंगावर मांडी घालून बसायला सांगितले. ‘सांधा मोकळा होईल.’ काकू कळवळल्या तेव्हा मी थांबवले आणि शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना फोन लावला. ते काही क्षण गप्प राहिले. मग म्हणाले, नव्या सांध्याला पहिले काही आठवडे मांडी घालणे, उकिडवे बसणे, जमिनीवर बसणे, पायावर पाय टाकणे हे सारे वर्ज्य. सांधा निखळला असता तर पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ आली असती. हे तुम्हांला कोणी सांगितले नाही का, असे त्यांनीच मला विचारले!

दुसऱ्या दिवशी मी त्या गृहस्थांना शांतपणे त्यांचा नोंदणी क्रमांक विचारला. ते रागावले नाहीत. एका दवाखान्यात सात वर्षे मदतनीस म्हणून काम करून शिकलो, असे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. पाटीवरची अक्षरे सहा महिन्यांच्या प्रमाणपत्राची होती. पुढे ते जे म्हणाले ते मी विसरणार नाही : ‘साहेब, इतकी वर्षे या गल्ल्यांतून फिरतोय, नंबर विचारणारे तुम्ही पहिलेच.’

मग मी रीतसर शोध सुरू केला. मोबाईलवर शहराचे नाव आणि फिजिओथेरपी हा शब्द टाकला की पत्ते, छायाचित्रे आणि सोनेरी तारे यांची रांग उभी राहते. या ताऱ्यांवरून रुग्ण खूश होता एवढे कळते. उपचार करणारा काय शिकला आहे ते कळत नाही. पहिल्या गृहस्थांना काकूंनीही पाचपैकी पाच तारे दिले असते. मी आठ ठिकाणी फोन केले. पदवी विचारली तेव्हा बहुतेकांनी सांगितली. नोंदणी कोठे आहे असे विचारताच मात्र उत्तरे फुटली. कोणी एका संघटनेचे सदस्यत्व सांगितले, कोणी विद्यापीठाचे नाव घेतले, कोणी लखनौच्या स्टेट मेडिकल फॅकल्टीचे, तर एकाने ‘केंद्राचे अजून चालू आहे’ असे सांगितले. यांपैकी कोणी खोटे बोलत होता असे मला वाटत नाही. प्रश्न साधा होता. पण त्याला एकच उत्तर असावे अशी व्यवस्थाच या देशाने दीर्घकाळ उभी केली नव्हती.

हे का झाले, याचा इतिहास पाहण्याजोगा आहे. स्वातंत्र्याच्या आगेमागे आपण आरोग्यसेवेतील एकेका व्यवसायाला कायद्याची चौकट दिली. परिचारिकांसाठी १९४७ मध्ये, दंतवैद्य आणि औषधविक्रेते यांच्यासाठी १९४८ मध्ये कायदे झाले. डॉक्टरांसाठी १९३३ पासून कायदा होताच, तो १९५६ मध्ये नव्याने झाला. भौतिकोपचार हा व्यवसाय त्या काळी आपल्याकडे जेमतेम जन्मत होता, आणि तो जन्मला महाराष्ट्राच्या राजधानीत. परळच्या केईएम रुग्णालयात १९५० मध्ये कमला निंबकर या मूळच्या अमेरिकन विदुषीने व्यवसायोपचाराची शाळा सुरू केली. पोलिओच्या साथीने मुंबई हादरलेली असताना, त्याच दशकाच्या आरंभी त्याच रुग्णालयात भौतिकोपचाराचे शिक्षण सुरू झाले. लुळ्या पडलेल्या मुलांना पुन्हा उभे करणारी माणसे हवी होती. ती शिकवून तयार करण्यात आली. त्यांची नोंद ठेवणारा कायदा मात्र कोणी केला नाही.

पुढे १९९२ मध्ये भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा आला. अपंगांच्या पुनर्वसनाशी संबंधित अनेक व्यवसाय त्यात आले, भौतिकोपचारतज्ज्ञ आले नाहीत. काही राज्यांनी आपल्या परीने पाऊल उचलले. दिल्लीने १९९७ मध्ये कायदा केला. महाराष्ट्राने २००२चा अधिनियम करून व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार यांसाठी राज्य परिषद स्थापन केली. केंद्राने २००७ मध्ये परावैद्यकीय व भौतिकोपचार परिषदांचे विधेयक लोकसभेत मांडले. चौदावी लोकसभा विसर्जित झाली आणि ते विधेयक व्यपगत झाले.

येथे मला एक कबुली द्यावयाची आहे. ते विधेयक संसदेत पडून होते त्या काळात मी एका राज्याच्या सचिवालयात होतो. राज्यस्तरीय नोंदणी परिषद असावी असा एक प्रस्ताव माझ्या टेबलावर आला. प्रस्ताव भौतिकोपचारतज्ज्ञांच्या शिष्टमंडळाचा होता, आणि मला तो एका व्यवसायाने आपले कुंपण पक्के करण्याचा प्रयत्न वाटला. मी शेरा मारला, ‘केंद्रीय विधेयक विचाराधीन आहे. तूर्त निकड दिसत नाही.’ शेरा नियमाला धरून होता. वरिष्ठांनी सही केली. फाईल बंद झाली. केंद्रीय विधेयक मेले तेव्हा ती पुन्हा उघडावी हे मला सुचले नाही, कारण तोवर माझी बदली झाली होती. काकूंच्या पलंगाशी बसून त्या गृहस्थांचे वाक्य ऐकताना मला तो शेरा आठवला. निकड कोणाला दिसत नव्हती? टेबलाच्या या बाजूला बसलेल्या मला.

नोंदणी म्हणजे व्यवसायाचे कुंपण, ही समजूत अगदीच निराधार नाही. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला लंडनचा दाखला आठवतो. तेथे १८९४ च्या सुमारास ‘मालिश’ या नावाखाली चाललेल्या गैरप्रकारांनी वृत्तपत्रे गाजत होती आणि प्रामाणिकपणे काम करणाऱ्या परिचारिकांची नाहक बदनामी होत होती. तेव्हा चार परिचारिकांनी एकत्र येऊन प्रशिक्षित मालिशकर्त्यांची संस्था काढली, परीक्षा ठरवल्या, नियम घातले. या संस्थेला १९२० मध्ये राजसनद मिळाली. आजची ब्रिटनमधील भौतिकोपचारतज्ज्ञांची मुख्य संस्था ती हीच. आरंभ स्वतःच्या अब्रूच्या रक्षणातून झाला. पण लाभ रुग्णाला मिळाला. आज ब्रिटनमध्ये ‘फिजिओथेरपिस्ट’ हे बिरुद कायद्याने संरक्षित आहे आणि नोंदवहीत नाव आहे की नाही हे कोणीही घरबसल्या पाहू शकतो. अमेरिकेत परीक्षा देशभर एक आहे, परवाना मात्र प्रत्येक राज्य देते, आणि बहुतेक ठिकाणी तो परवाना संकेतस्थळावर नावानिशी तपासता येतो. एखाद्या मोठ्या शहरात नव्याने राहायला गेलेल्या वृद्धेच्या मुलाला तेथे दुकानदाराच्या शब्दावर विसंबावे लागत नाही.

आपल्याकडे अखेर २०२१ मध्ये राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा कायदा संमत झाला. राज्यसभेने आणि लोकसभेने तो मार्च महिन्यात मंजूर केला. कायदा चांगला आहे, असे मी जबाबदारीने म्हणतो. भौतिकोपचारतज्ज्ञ कोणाला म्हणावे याची त्यात व्याख्या आहे : किमान पदवीधर, रुग्णाची तपासणी करून उपचार करणारा, स्वतंत्रपणे किंवा इतरांसमवेत काम करू शकणारा. राष्ट्रीय आयोग आणि प्रत्येक राज्यात परिषद, केंद्राची नोंदवही आणि राज्याची नोंदवही, अशी दुहेरी रचना आहे. नोंदणी नसताना ती असल्याचे सांगणाऱ्यास पहिल्या वेळी ५० हजार रुपयांपर्यंत दंड, आणि पुन्हा तेच केल्यास तुरुंगवासाचीही तरतूद आहे.

तथापि, कायद्याचा मजकूर आणि गल्लीतील दार यांमध्ये राज्य सरकार नावाचा लांब जिना असतो. वैद्यकीय व अन्य व्यवसाय हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे, रुग्णालये व दवाखाने राज्य सूचीत. दिल्लीने ठरवायचे आणि राज्यांनी करायचे, अशी ही वाटणी. राज्य परिषदा सहा महिन्यांत स्थापन व्हावयाच्या होत्या. त्या अनेक राज्यांत वर्षानुवर्षे झाल्या नाहीत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायालयाला केंद्र व राज्यांना दोन महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली. संसदेने संमत केलेली गोष्ट न्यायालयाने पुन्हा सांगावी लागते, हे आपल्या प्रशासनाविषयी बरेच काही सांगून जाते. मी त्या प्रशासनाचा भाग होतो, म्हणून हे लिहिताना कोणावर बोट रोखत नाही.

काकूंच्या उशाशी बसून मी वर्तमानपत्रे वाचत होतो त्याच दिवसांत आणखी एक प्रकरण घडले. भौतिकोपचारतज्ज्ञांनी नावाआधी ‘डॉक्टर’ लावू नये, असे पत्र केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयाने ९ सप्टेंबर २०२५ रोजी काढले आणि दुसऱ्याच दिवशी मागे घेतले. त्याच वर्षी आयोगाने जो नवा पाच वर्षांचा अभ्यासक्रम आणला, त्यात हे बिरुद लावण्यास अनुकूलता होती. दोन्ही पक्षांची बाजू मी वाचली. पुनर्वसन क्षेत्रातील डॉक्टर म्हणतात की यामुळे रुग्णाची दिशाभूल होते. भौतिकोपचारतज्ज्ञ म्हणतात की पाच वर्षे शिकून आम्हांला कोणाचा तरी मदतनीस म्हणवून घ्यायचे नाही. दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण काकूंच्या खोलीत बसून पाहिले तर हा वाद दुय्यम वाटतो. जे गृहस्थ आमच्याकडे आले त्यांच्या पाटीवर ‘डॉ.’ होतेच, ते न डॉक्टर होते, न भौतिकोपचारतज्ज्ञ. नावाआधी काय लावावे यावर दोन शिकलेले वर्ग भांडत असताना, न शिकलेला तिसरा ते बिरुद निर्धास्त वापरत होता. नावाआधीच्या अक्षरापेक्षा नावापुढच्या क्रमांकाला महत्त्व येईल तेव्हाच हा गोंधळ मिटेल.

मग उपाय काय? माझ्या मते चार गोष्टी आजच करता येण्याजोग्या आहेत आणि त्यांपैकी एकीलाही नवा कायदा लागत नाही.

पहिली, नोंदवही सर्वांना पाहता यावी. नाव, पदवी, क्रमांक, जिल्हा एवढी माहिती मराठी, हिंदी अशा राज्याच्या भाषेत, मोबाईलवर शोधता येईल अशी हवी. कपाटातील नोंदवही परिषदेच्या उपयोगाची असते. उघडी नोंदवही रुग्णाच्या.

दुसरी, रुग्णालयाच्या सुटीच्या कागदावर ‘फिजिओथेरपी करावी’ हे वाक्य पूर्ण व्हावे. कोणत्या हालचाली वर्ज्य, पाय किती टेकवायचा, पहिली भेट केव्हापर्यंत, आणि उपचार नोंदणीकृत व्यक्तीकडूनच घ्यावा, या चार ओळी छापून घ्यायला खर्च कितीसा येणार?

तिसरी, जे अशिक्षित नाहीत पण पदवीधरही नाहीत, त्यांचे काय करायचे याचा प्रामाणिक निर्णय घ्यावा. काशीच्या घाटांवर मालिशवाले पिढ्यान्‌पिढ्या आहेत. तालमीतले उस्ताद मुरगळलेला पाय बसवतात. आपल्याकडे हाडवैद्य आहेत. त्यांना गुन्हेगार ठरवून काही साधणार नाही. मालिश ही मालिश म्हणून चालावी, तिने उपचाराची पाटी लावू नये, एवढीच रेषा आखायची आहे. आमच्याकडे आलेल्या गृहस्थांना पदवीधराच्या देखरेखीखाली सहायक म्हणून काम मिळाले असते तर त्यांचे हात उपयोगीच पडले असते.

चौथी गोष्ट सर्वांत अवघड. नोंदवहीत माणसेच पुरेशी नसतील तर नोंदणीची सक्ती म्हणजे गल्लीला ‘उपचार नाही’ असे सांगणे होय. २०११च्या जनगणनेत देशात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या १० कोटींहून अधिक होती. ती आता कितीतरी वाढली असणार. जिल्हा रुग्णालयापाशी थांबलेली ही सेवा तालुक्यापर्यंत आणि घरापर्यंत नेण्यासाठी पदे निर्माण करावी लागतील, ती भरावी लागतील. हा खर्च आहे, आणि तो टाळण्याची सबब मी स्वतः अनेकदा लिहिलेली आहे.

महाराष्ट्रातील वाचकांची स्थिती तुलनेने बरी आहे. राज्य परिषद दोन दशकांहून अधिक काळ अस्तित्वात आहे. नोंदणी क्रमांक विचारण्याची सोय आहे. फक्त विचारण्याची सवय नाही. घरी येणाऱ्या उपचारकाला पदवी कोणती, नोंदणी कोणत्या परिषदेची आणि क्रमांक काय, हे तीन प्रश्न विचारण्यात कोणताही अपमान नाही. चौथी खूण विचारावी लागत नाही, ती दिसते : जाणकार माणूस आधी शस्त्रक्रियेचे कागद मागतो, रुग्णाला तपासतो आणि मग हात लावतो, यंत्र पिशवीतून आधी काढत नाही.

आम्हांला अशी व्यक्ती अखेर मिळाली. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनीच आपल्या माहितीतील एका तरुण मुलीचे नाव दिले. ती पदवीधर होती. नोंदणीचा कागद तिने न विचारता दाखवला. मैदागिनला स्कूटी लावून ती चालत येई. पहिल्या दिवशी तिने काकूंना हातच लावला नाही. एक्स-रे पाहिला, खोलीची मापे घेतली, जमिनीवरची गादी उचलायला लावली, पलंग विटा लावून उंच करवला, शौचालयात खुर्चीची सोय करवली, न्हाणीघरातली गुळगुळीत फरशी दाखवून तेथे खडबडीत पट्ट्या बसवायला सांगितल्या. यंत्र तिच्याकडे नव्हतेच. काकूंना ते आवडले नाही. ‘ही तर सुतारकाम सांगायला आली आहे, पाय कधी बघणार?’ त्या मला मराठीत म्हणाल्या. मुलीला मराठी येत नव्हते, पण स्वर कळला असावा, ती हसली.

पुढचे सहा आठवडे तिने काकूंना वॉकरवर चालवले, मग काठीवर. मग वाड्याचा जिना. ‘चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी’ हा मंत्र तिने हिंदीत दिला आणि काकूंनी तो मराठीत पाठ केला. आता प्रत्येक पायरीला त्या तो पुटपुटतात.

दरम्यान पाणी ओसरले, घाट उघडा झाला, कार्तिक आला. पंचगंगेवर बांबूंच्या टोकांना टोपल्या चढल्या, त्यांत आकाशदिवे लागले. काकूंना खाली नदीपर्यंत जायचे होते. मुलीने सरळ नकार दिला. घाटाची पायरी वाड्याच्या पायरीहून उंच आहे, कठडा नाही, गाळ अजून निसरडा आहे. पुढच्या वर्षी पाहू. काकू दोन दिवस रुसल्या. मग काठी टेकत, मंत्र म्हणत, एकोणीस पायऱ्या चढून स्वतःच्या पायांनी गच्चीवर गेल्या आणि तेथून दिवे पाहिले.

मी त्यांच्या मागे एक पायरी सोडून उभा होतो. पडल्या तर धरायला नक्की कोठे उभे राहायचे, हेही त्या मुलीने मला शिकवले होते.